'लाइन ऑफ साइट'साठी दृष्टिरेषा, दृष्टिपथ की आणखी काही?

एका युद्धाच्या पटखेळाचे नियम मराठीत लिहितो आहे. 'लाइन ऑफ साइट'ला, म्हणजे एका सोंगटीला दुसरी दिसते का हे ठरवणाऱ्या रेषेला, आतापर्यंत 'दृष्टिपथ' लिहिलं. सोबतचा गडी म्हणतो, सरळ 'आमनेसामने' लिही. तुम्ही काय म्हणाल?

*

'दृष्टिरेषा' घ्या. एखादी गोष्ट 'दृष्टिपथात' येते तेव्हा ती नजरेच्या आवाक्यात येते, त्यात समोरचा सगळा मुलूख आला. खेळात दोन ठरलेल्या बिंदूंमध्ये रेषा ओढायची असते आणि ते बिंदू कोणते यावरच सगळं ठरतं. 'मेमॉयर 44' या पटखेळात एका षटकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. 'ग्लूमहेवन'मध्ये कुठल्याही कोपऱ्यापासून कुठल्याही कोपऱ्यापर्यंत, आणि ती रेषा फक्त भिंतीमुळे तुटते. मधे उभा असलेला राक्षस काहीच अडवत नाही. 'ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'मध्ये (1985) तर मध्यबिंदूंवर खरोखरचा दोरा ताणतात. इमारतीचं चित्र जेवढं छापलंय तेवढीच इमारत. दोरा त्या चित्रावरून गेला तर रेषा तुटली, त्याच षटकोनातल्या मोकळ्या जागेवरून गेला तर नाही. शिवाय गोळीबार आधी जाहीर करायचा आणि दोरा मग ताणायचा. मला हा नियम फार आवडतो, कारण अंदाज चुकण्याची जोखीम त्यामुळे खेळात राहते.

'आमनेसामने' नकोच. त्यात 'मी तुला दिसतो म्हणजे तूही मला दिसतोस' हे गृहीत आहे. 'इम्पीरियल असॉल्ट'मध्ये हल्लेखोराच्या घराच्या (पटावरच्या चौकोनाच्या) एका कोपऱ्यापासून लक्ष्याच्या घराच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रेषा लागतात, त्यामुळे भिंतीच्या कडेला एकाला दुसरा दिसतो आणि उलट दिसत नाही, असं होऊ शकतं.

*

दृष्टिरेषा पटली. पण 'अडथळा' आणि 'आडोसा' मी एकाच अर्थाने वापरलेत. चालेल?

*

नाही, तिथेच खेळणारे भांडतील. 'मेमॉयर 44'मधलं जंगल बघा. ते मधल्या घरात असेल तर रेषाच तुटते, हल्ला करताच येत नाही: हा अडथळा. लक्ष्य स्वतः जंगलात असेल तर ते दिसतं, पण हल्ला करणाऱ्या पायदळाला एक फासा कमी मिळतो आणि रणगाड्याला दोन: हा आडोसा. जंगल तेच, काम वेगळं. आडोशाला माणूस उभा राहतो, अडथळा वाटेत येतो, हा फरक आपल्या बोलण्यात आधीपासून आहेच.

तिसरा प्रकार धूर किंवा उभ्या पिकाचा. रेषा तुटत नाही, नेम मात्र अवघड होतो. 'पडदा' म्हटलं तर वाचणारा पूर्ण झाकलं असं समजेल. मी 'झाकोळ' सुचवेन, म्हणजे 'रेषा तुटते' आणि 'रेषा झाकोळते' अशी दोन स्वच्छ क्रियापदं मिळतात.

*

'झाकोळ' कवितेतला वाटतो. 'अंधूक' बरा नाही का?

*

'अंधूक' विशेषण आहे. 'दोन झाकोळ मोजा' असं लिहिता येतं, 'दोन अंधूक मोजा' नाही.

आणि 'पल्ला' वेगळा ठेवा. मेमॉयरमधल्या तोफखान्याला दृष्टिरेषा लागत नाही, पल्ला लागतो. कडेचा नियम असा लिहा: 'रेषा घरांच्या सीमेवरून जात असेल, तर दोन्ही बाजूंना अडथळा असल्याशिवाय ती तुटत नाही.' इथे 'दोन्ही' गाळू नका. त्या एका शब्दाने नियम उलटतो.