इंजिन ऑइल: दहा हजारांना की पाच हजारांना? शहरातल्या गाडीला किलोमीटरचा हिशोब लागू नाही

चिंचवडचा पेट्रोलवाला

सर्व्हिसिंग झाल्यावर काचेवर स्टिकर चिकटवून देतात: पुढची सर्व्हिस १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते. बहुतेक लोक तो आकडा प्रमाण मानून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीला तो लागू नाही. गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवायची असेल तर ऑइल आणि फिल्टर ५,००० किमी किंवा सहा महिन्यांनी बदलावा.

कारण सांगतो. माझी पेट्रोल हॅचबॅक रोज चिंचवडहून हिंजवडीला जाते. वाकडला अर्धा वेळ पहिल्या गिअरमध्येच जातो, डॅशबोर्डवर सरासरी वेग १८ च्या वर जाताना दिसत नाही. सकाळी इंजिन गार असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, तीही तिथेच जाऊन बसते. ऑइल नीट तापलं तर हे सगळं उडून जातं. पण डॅशबोर्डवरचा गार इंजिनाचा निळा दिवा विझला म्हणजे रेडिएटरचं पाणी कोमट झालं एवढंच, ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतल्या बाजूला पांढरट पिवळा, मलईसारखा थर दिसेल. तो ऑइल आणि पाण्याचा काला.

आणि हे काही माझं खूळ नाही. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो: छोट्या फेऱ्या, सतत ट्रॅफिक, धूळ, घाट. तिथे ऑइलचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. आपल्यापैकी किती जणांचा वापर 'नॉर्मल' आहे ते प्रामाणिकपणे सांगा.

अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेलच. १९६६ ची व्होल्वो पी१८००, २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण. तो ऑइल तीन-साडेतीन हजार मैलांना बदलायचा.

सरळ_हिशोब

गॉर्डनचं नाव येणार हे माहीतच होतं. त्याची गाडी हायवेवर पळायची, दिवसच्या दिवस. म्हणजे तुमच्याच तर्काने त्याच्या ऑइलला सगळ्यात कमी त्रास होता, त्याने दुप्पट अंतराने बदललं असतं तरी चाललं असतं. शिवाय इंजिन एकदा ६ लाख ८० हजार मैलांना उघडून बांधलेलं होतं. एका गाडीवरून नियम निघत नाही.

तीन हजार मैलांचा नियम कार्बोरेटरच्या काळातला आहे. तेव्हा चोक ओढून गाडी सुरू करायची, पेट्रोल किती जातंय याला धरबंद नव्हता, ऑइल साधं मिनरल. आता इंजेक्शन आहे, ऑक्सिजन सेन्सर आहे, थेंबाथेंबाचा हिशोब ठेवला जातो. ऑइलही सिंथेटिक किंवा निम-सिंथेटिक. एपीआय या अमेरिकी संस्थेचं ऑइलसाठीचं एसपी मानांकन २०२० चं आहे, त्यात टायमिंग चेनच्या झिजेचीसुद्धा चाचणी असते. इंधनही बदललं: डिझेल-पेट्रोलमधलं गंधक बीएस४ या जुन्या प्रदूषण-निकषात ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) होतं, १ एप्रिल २०२० पासून बीएस६ मध्ये १० पीपीएम. गंधकातून आम्ल तयार होतं आणि ते मारता मारता ऑइलमधला अल्कलीचा साठा संपतो. गंधक पाचपटीने कमी झालं आणि तुम्ही अंतर निम्मं करायला सांगताय!

आता खरा मुद्दा. तुमची गाडी वर्षाला समजा सहा हजार किमी चालते. पंधरा वर्षांत झाले ९० हजार. कोणतंही बरं पेट्रोल इंजिन, दहा हजाराला ऑइल बदलून, दोन लाख आरामात जातं. म्हणजे आरटीओच्या पुनर्नोंदणीची वेळ येईल, तळाचा पत्रा गंजेल, एसीचा काँप्रेसर बसेल, सस्पेन्शन खडखडेल, आणि इंजिन तसंच ठणठणीत असेल. जे आधी मरणारच नाही त्याचं आयुष्य वाढवायला दरवर्षी जादाचे दीड-दोन हजार कशाला?

सातारा_गॅरेज

दोन्ही साहेबांना नमस्कार. आमच्याकडे इंजिन उतरवायला आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक 'ऑइल जुनं झालं' म्हणून येत नाहीत, 'ऑइल होतंच कुठे' म्हणून येतात. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, ओढून बघायची सवयच गेलीय लोकांची. तीन लिटर ऑइल लागणारं इंजिन, त्यात दीड लिटर उरलेलं, वर्षभर कोणी बॉनेट उघडलेलं नाही, लाल दिवा लागला तरी 'घरापर्यंत नेतो' म्हणून चालवली. मग बेअरिंग धरलं की हाफ इंजिनचं काम. पाच हजार की दहा हजार हे नंतर बघा, आधी पंधरा दिवसांतून एकदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा.

हां, पण 'आधी मरणारच नाही' हे काही पटलं नाही. सिलिंडरचा बोअर टिकतो, बरोबर. पण उशिरा ऑइल बदललेल्या गाडीचं हेड कव्हर काढलं की आत काळा-तपकिरी लेप दिसतो, ऑइल परत खाली जायच्या भोकांवर चिकटा बसलेला असतो. ऑइलच्या रिंगा त्यात अडकल्या की गाडी ऑइल खायला लागते. मग लेव्हल कमी, आणि वर सांगितलं तेच. सुरुवात जुन्या ऑइलने होते, नाव येतं कमी ऑइलवर.

समृद्धीवरून

आमच्या डिझेलचं रनिंग नागपूर-मुंबई. महिन्यातून दोन-चार वेळा ७०१ किमीचा समृद्धी एका दमात. कंपनीचं अंतर १५,००० किमी आहे आणि मी तेवढंच पाळतो. ऑइल काळं दिसतं, पण डिझेलचं ऑइल पहिल्या हजार किलोमीटरातच काळं होतं. काजळी पकडून ठेवणं हे त्याचं कामच आहे. गाडीला कधी काही झालं नाही.

चिंचवडचा पेट्रोलवाला

@समृद्धीवरून, तुमच्याशी माझं भांडणच नाही. तुमचं ऑइल तापतं, तासन् तास तापलेलं राहतं. माझं म्हणणं शहरी गाडीपुरतं आहे.

@सरळ_हिशोब, गंधकाचं मान्य, पण तो मुख्यतः डिझेलचा मुद्दा. पेट्रोलमध्ये नवीन काय आलंय ते तुम्ही सोडून दिलंत: ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. गार इंजिनात त्यामुळे जास्त इंधन सोडावं लागतं आणि जास्त खाली उतरतं.

सरळ_हिशोब

इथेनॉल ७८ अंशाला उकळतं. ऑइल ९०-१०० ला गेलं की राहिलं कुठे?

चिंचवडचा पेट्रोलवाला

गेलं तर ना! सहा किलोमीटरच्या शाळा-भाजी-बँक फेरीत जात नाही, हेच तर मघापासून सांगतोय.

सरळ_हिशोब

मग आठवड्यातून एकदा एक्सप्रेसवेवर तळेगावपर्यंत जाऊन या. ऑइल बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल, आणि ब्रेक, बॅटरी, टायर सगळ्यांनाच बरं. गार ऑइलवर उपाय गरम करणं हा आहे, फेकून देणं नाही.

डीपीएफने_छळलेला

समृद्धीवाल्या दादांचं नशीब चांगलं. बीएस६ डिझेल शहरात चालवून बघा. सायलेन्सरमधला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, भरला की गाडी स्वतःच तो जाळून साफ करायला घेते. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात, आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये जातं. मधेच ऑफिस आलं, गाडी बंद केली, काम अर्धवट. संध्याकाळी परत तेच. माझ्या डिपस्टिकवर ऑइल कमी नाही, *वाढत* होतं, वरच्या खुणेच्या वर! सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं तर म्हणे 'जास्त असलेलं चांगलंच की'. चांगलं कसलं, पातळ झालेलं ऑइल ते. आता मी सात हजाराला बदलतो आणि किलोमीटरपेक्षा डिपस्टिकवर जास्त विश्वास ठेवतो.

सातारा_गॅरेज

बरोबर करताय. लेव्हल वाढलेली दिसली तर ऑइल काढून टाकायचं, वाट बघायची नाही. आणि भाऊ, थोडं काढून लेव्हल जुळवू नका, पूर्ण बदला.

सीएनजी_आठवी_गाडी

प्रवासी गाड्या चालवतो, सगळ्या सीएनजी. इथे कोणी रंगावर जाईल म्हणून सांगतो. गॅसच्या गाडीचं ऑइल आठ हजारालाही मधासारखं दिसतं, कारण काजळी जवळपास नसते. पण गॅस गरम जळतो, ऑइल आतून भाजून जाड होत जातं. रंग बघून 'अजून चालेल' म्हटलं तर फसाल. पेट्रोलवाल्याचं उलट, काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. बोटावर घासून बघणं वगैरे सगळं बाष्कळ आहे, बोटाला काय कळतंय त्यात.

स्प्लेंडर_आजोबांची

बाईकचं पण लिहा कोणीतरी. एक लिटरच्या आत-बाहेर ऑइल, तेच इंजिनला, तेच क्लचला, तेच गिअरबॉक्सला. गिअर ऑइलला कातरतात, म्हणून ते लवकर पातळ होतं. बाईकमध्ये डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं जपानी मानांकन) लिहिलेलंच टाका. कारचं पातळ ऑइल 'महागाचं आहे, चांगलंच असणार' म्हणून टाकलं की क्लच घसरतो. आता चालू द्या तुमचं कारचं.

दोन_हजार_किमी

साधा प्रश्न. घरून काम आहे, गाडी वर्षाला दोन हजारच चालते. तरी बदलू?

सरळ_हिशोब

वर्षातून एकदा हो. इथे माझा वाद नाही. बंद डब्यातलं ऑइल काही वर्षं टिकतं, पण चेंबरमधल्यात पाणी, इंधन, आम्ल आधीच मिसळलेलं असतं.

बारामती_४५एचपी

गाड्यांच्या लोकांचं भांडण वाचून मजा आली. आमच्याकडे ट्रॅक्टरला किलोमीटर कोणी विचारत नाही. इंजिन किती तास चाललं ते मोजणारा आवरमीटर असतो, बऱ्याच मॉडेलला अडीचशे तासांच्या आसपास ऑइल बदलायचं. ट्रॅक्टर दिवसभर एकाच वावरात फिरला, अंतर काय झालं? पण इंजिन आठ तास चाललं ना.

आता तुमच्या गाडीला हेच लावा. समृद्धीवाल्यांची सरासरी ८० धरली तर १५,००० किमी म्हणजे १८७ तास. चिंचवडच्या साहेबांची सरासरी १८, म्हणजे १०,००० किमीला ५५५ तास. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या तिप्पट चाललं, आणि स्टिकर मात्र त्यालाच आधी बोलावतंय असं समजून समाधान मानायचं?

चिंचवडचा पेट्रोलवाला

दादा, जे मला चार परिच्छेदांत जमलं नाही ते तुम्ही एका भागाकारात केलंत. पाच हजारालासुद्धा माझे २७७ तास होतात! म्हणजे मी 'लवकर' बदलतोय असं जे वाटतं तेही तासांत बघितलं तर हायवेवाल्यापेक्षा उशिराच.

सरळ_हिशोब

थांबा. तास मोजणं किलोमीटरपेक्षा बरं, हे कबूल. पण ट्रॅक्टरचा तास आणि सिग्नलला उभ्या हॅचबॅकचा तास एक नाही. नांगर ओढताना इंजिनवर जवळजवळ पूर्ण भार असतो. आयडलला तुमची गाडी तासाला एक लिटरही पेट्रोल जाळत नाही. ऑइल खराब होतं ते जळलेल्या इंधनाने. मग तासांपेक्षा लिटर मोजा. ५,००० किमीला ऍव्हरेज १३ धरलं तर ३८५ लिटर. समृद्धीवाल्यांचे १५,००० किमी, ऍव्हरेज १६, म्हणजे ९३७ लिटर. आता कोणाचं ऑइल जास्त दमलं?

बारामती_४५एचपी

लिटरचं पटलं, पण अर्धंच. उभ्या इंजिनात ऑइलचा दाब कमी, ते गार, आणि पेट्रोल अर्धवट जळलेलं. चूल धुमसत ठेवली तर लाकूड कमी जळतं, भिंती जास्त काळ्या होतात.

सातारा_गॅरेज

एक सोपं. गाडीतला ट्रिप बी, म्हणजे शून्य करता येणारा दुसरा किलोमीटर-मीटर, ऑइल बदलताना शून्य करा, नंतर हात लावू नका. सरासरी वेग त्याच्याच स्क्रीनवर दिसत असेल तर किलोमीटर भागिले वेग, झाले तास. आम्ही गिऱ्हाइकांना सरासरी २० च्या खाली दिसली की पाच-सहा हजार सांगतो, ४० च्या वर असली की कंपनीचा आकडा. आणि फिल्टर दर वेळी. ड्रेन नटाचा वॉशरसुद्धा नवा घाला. दहा-वीस रुपयांच्या वॉशरवर वाचवायला जाऊन चेंबरचे आटे घालवलेत लोकांनी. आणि रिकामा डबा टाकताना भोक पाडून टाका, त्यातच भेसळ भरून परत विकतात.

सरळ_हिशोब

जुन्या ऑइलचं काय करता, कोणी बोललं नाही. दुप्पट वेळा बदललं तर दुप्पट जळकं ऑइल. अर्धं गावात सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, उरलेलं गटारात. ते घातक कचऱ्यात मोडतं, परवानाधारक रीसायकलरकडेच जायला हवं. लवकर बदला म्हणणाऱ्यांच्या हिशोबात हे कधीच येत नाही.

सातारा_गॅरेज

आमच्याकडे बॅरलमध्ये साठवतो, घेऊन जाणारी गाडी येते, पावती मिळते. घरी अंगणात बदलणाऱ्यांनी जवळच्या गॅरेजला आणून द्यावं, कोणी नाही म्हणत नाही.

सरळ_हिशोब

ठीक. मी यंदाही दहा हजारालाच बदलणार आहे. माझी सरासरी २४, ना इकडे ना तिकडे. जनरेटर आणि खाणीतल्या मशिनरीचे ऑइल नमुने लॅबमध्ये तपासतात, तसा माझाही देतो: अल्कली किती उरली, घट्टपणा किती राहिला, पेट्रोल किती मिसळलं, लोखंड किती आलं. कागद हातात आला की इथे टाकतो. मग बोलू.

चिंचवडचा पेट्रोलवाला

नक्की टाका. फक्त नमुना इंजिन गरम असताना घ्या, आणि नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या, तळाचा गाळ त्यात येतो. मधली धार बाटलीत धरा. माझाही पाच हजाराचा नमुना त्याच लॅबला देतो, दोघांचे आकडे शेजारी ठेवू.