सड्यावरून काढलेल्या फोटोत रेघाच रेघा, हे सगळे सॅटेलाइटच का?

सडेकर_देवगड
नमस्कार मंडळी. कार्तिकातल्या अमावास्येला मुलीला घेऊन घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर गेलेलो, पाऊस जाऊन हवा एकदम स्वच्छ झालेली, कातळ दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होता, त्यावर चटई टाकली, ट्रायपॉड लावला आणि ७ ते ८ च्या मध्ये समुद्राकडे तोंड करून २०-२० सेकंदांचे ६० फोटो घेतले. अभिजित आणि श्रवण या ताऱ्यांच्या मधली आकाशगंगा हवी होती. घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर १९ फोटोंत रेघा, एका फोटोत तर दोन रेघा श्रवणच्या अगदी बाजूने गेल्यात. विमानं असतील का? की ते इंटरनेटचे सॅटेलाइट?
खरं सांगायचं तर फोटोपेक्षा दुसरंच डोक्यात राहिलंय. मुलगी सात वर्षांची, ती विचारते, बाबा, यातले न चालणारे तारे कुठले? मी तिच्याएवढा असताना आजी खळ्यात झोपवून म्हातारीची बाज, म्हणजे सप्तर्षी दाखवायची, तेव्हा एखादा चालणारा ठिपका दिसला तर अख्ख्या घराला हाका मारायचो.

मृगव्याध
विमानाची रेघ तुटक येते, दिवे लुकलुकतात म्हणून. उल्का मध्ये जाड आणि टोकांना बारीक असते. तुमच्यासारखी सरळ, एकसारखी रेघ म्हणजे सॅटेलाइट. मे २०१९ मध्ये इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० एकदम सोडले, आज त्यांचेच सात-आठ हजारांच्या वर आहेत, वनवेब कंपनीचे वेगळे, अॅमेझॉनचेही जायला लागलेत. स्टारलिंकवाले साधारण ५५० किमीवर, दीड तासात पृथ्वीला एक फेरी.
त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, ते त्यांच्यावर पडून आपल्याला दिसतं. डोक्यावरचे सूर्यास्तानंतर दीडेक तासात पृथ्वीच्या सावलीत जातात, पश्चिमेकडचे मात्र त्यानंतरही चमकत राहतात. आणि आपला समुद्र नेमका पश्चिमेला! म्हणजे तुम्ही सगळ्यात वाईट वेळ आणि सगळ्यात वाईट दिशा निवडलीत. पहाटे उलटं, सह्याद्रीच्या बाजूला गर्दी.
रात्री ११ ते ३ मध्ये जा. कोकण १६-१७ अंशावर आहे म्हणून मध्यरात्री सूर्य आपल्या बराच खाली असतो, युरोपात उत्तरेकडे उन्हाळ्यात तो फारसा खाली जातच नाही, तिथे रात्रभर हेच चालू. आत्ताचे फोटो टाकू नका, फोटो एकावर एक रचून (स्टॅक करून) एकच फोटो बनवणारं डीप स्काय स्टॅकर सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कप्पा-सिग्मा क्लिपिंग लावा. एकाच फ्रेममध्ये आलेली रेघ बाकीच्या फ्रेमशी जुळत नाही म्हणून तो काढून टाकतो.

वाडीवरून
सगळं पटतं, पण आमच्या वाडीत मोबाइलची रेंज यायला घाटी चढून आंब्याच्या कलमापर्यंत जावं लागतं. गेल्या पावसात वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा भाऊ भिजत तिथवर गेला तेव्हा कुठे गाडीला फोन लागला. टॉवर मंजूर आहे असं पाच वर्षं ऐकतोय. आकाशातून नेट मिळणार असेल तर मी नको म्हणणार नाही.

मृगव्याध
नको म्हणूच नका, वडिलांपुढे फोटो काहीच नाही. माझं म्हणणं एवढंच की नेट हवं म्हणून ते चमकायलाच हवेत असं नाही. २०२० मध्ये ऊन अडवणाऱ्या पडद्या लावून काही पाठवलेले, फरक पडलाही, पण पुढे आपसातल्या लेझर लिंकच्या आड येतात म्हणून त्या काढल्या आणि ऊन दुसरीकडे परतवणारी फिल्म आणली. सातव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं तेज कमी) उजळ नकोत असं खगोलशास्त्रज्ञ सांगतायत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत. पण ती विनंती आहे, कायदा नाही. त्यात २०२२ चा ब्लूवॉकर ३ हा सॅटेलाइट, ६४ चौरस मीटरचा अँटेना, कधीकधी आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या रांगेत बसायचा. चिलीतल्या रुबिन वेधशाळेसारखे लोक दर रात्री आकाशाचे मोठे मोठे पट्टे टिपतात, त्यांना या रेघांचा ताप आपल्या कितीतरी पट.

खाडीकाठची
मालवणहून. पप्पा होडीवर जायचे. घड्याळ होतं तरी पहाटे बाहेर येऊन आधी वर बघायचे आणि म्हणायचे, "तिकांडां कललां, उठा आता." मृगातले ते तीन तारे, आमच्याकडे तिकांडंच म्हणतात. आता डोळ्यांना कमी दिसतं, तरी सवयीने बाहेर येतात. परवा मला विचारलं, ह्यो कोण चालता तिकांड्याच्या मधून? मी सॅटेलाइट सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले.
आणि सगळा दोष वरच्यांवर नको हां. बंदी असून एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी रात्री समुद्रावर उभ्या असतात, क्षितिजाला नुसता पांढरा उजेड, पश्चिमेचे खालचे तारे तर त्यातच गेले. गावातले दिवेपण वर तोंड करून. हे तरी आपल्या हातात आहे, आमच्या वाडीत दोन दिव्यांना पत्र्याची टोपी बसवून घेतली, रस्ता उलट जास्त नीट दिसतो.

सडेकर_देवगड
सगळ्यांचे आभार. स्टॅकिंग केलं, १९ पैकी १९ फोटोंतल्या रेघा गेल्या, आकाशगंगा छान आलीय. पण मुलीने बघितलेलं स्टॅक होत नाही ना. वाडीवरून, तुमच्या वडिलांना आता बरं असेल अशी आशा.
आता १४ डिसेंबरच्या आसपास मिथुनेतला उल्कावर्षाव आहे, रात्री दोनच्या सुमारास मिथुन डोक्यावर असते आणि तेव्हा सॅटेलाइट सावलीत असतात. तिला नऊला झोपवून एकला उठवणार, घोंगडी घेऊन सड्यावर. आधी तिकांडं दाखवतो.