खासदारकी विकत घेणाऱ्या रिकार्डोला प्रामाणिक म्हणायचं का?

धागाकर्ता:
शेअर बाजारात गब्बर झालेला माणूस संसदेत गेला की आपल्याच तिजोरीची सोय बघणार, असं आपण धरूनच चालतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोबद्दल वाचल्यापासून मला तसं सरसकट म्हणवत नाही.

१७७२ मध्ये लंडनमध्ये जन्म. ॲमस्टरडॅमहून आलेलं, पोर्तुगीज वंशाचं ज्यू कुटुंब, वडील शेअर दलाल. चौदाव्या वर्षी पोरगा वडिलांच्या हाताखाली बाजारात उभा. एकविसाव्या वर्षी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मुलीशी लग्न केलं आणि घर तुटलं. बाजारात कमावलेल्या नावावर त्याने स्वतःचा धंदा उभारला. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, सरकारला सतत कर्ज लागायचं. दलालांचे गट बोली लावून ते उचलायचे आणि रोखे पुढे विकायचे. १४ जून १८१५ ला असंच ३ कोटी ६० लाख पौंडांचं कर्ज रिकार्डो आणि इतरांनी उचललं. चार दिवसांनी वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरला आणि रोख्यांचे भाव चढले. त्याचा अर्थशास्त्रज्ञ मित्र माल्थस धास्तीने आपला हिस्सा आधीच विकून बसला होता. रिकार्डो थांबला आणि मालामाल झाला.

त्यानंतर त्याने पैसा जमिनीत घातला. ग्लॉस्टरशरमधलं गॅटकम पार्क हे वतन तर १८१४ मध्येच घेतलेलं. म्हणजे तो आता जमीनदार. १८१५ च्या धान्य कायद्याने परदेशी गहू अडवून देशातले भाव चढे ठेवले होते. कायदा टिकला तर खंड (जमिनीचं भाडं) वाढणार, फायदा त्याचाच. तरी तो आधी लेखणीने आणि १८१९ पासून संसदेत या कायद्याविरुद्ध उभा राहिला. राष्ट्रीय कर्ज फेडायला मालमत्तेवर एकदाच मोठा कर लावा, असंही त्याने मांडलं. हा कर सर्वांत आधी त्याच्यासारख्यांनाच बसला असता. प्रामाणिक आणखी कोणाला म्हणायचं?

चिकित्सक:
मुद्द्याचं तेवढं गाळलंत. संसदेतली ती जागा मिळाली कशी? आयर्लंडमधलं पोर्टार्लिंग्टन, मूठभर मतदार, सगळे एका लॉर्डच्या मुठीत. रिकार्डोने त्या लॉर्डला पैसे मोजले, वर मोठं कर्जही दिलं. ज्यांचा प्रतिनिधी म्हणवत होता त्यांच्या गावाला तो एकदाही गेला नाही! पैशाने घेतलेल्या खुर्चीत बसून केलेली भाषणं कितीही सुंदर असोत, खुर्ची विकत घेतलेलीच राहते.

धागाकर्ता:
खरेदीचं समर्थन मी करत नाही. पण त्याच खुर्चीतून त्याने संसद सुधारणेची आणि गुप्त मतदानाची बाजू घेतली. ती सुधारणा झाली असती तर अशा जागा बुडाल्या असत्या, त्याचीही बुडाली असती. बँक ऑफ इंग्लंडचा तो भागधारक होता, तरी बँक जनतेच्या पैशावर अवाजवी नफा कमावते, असं त्याने छापून सांगितलं.

इंदापूरचा शेतकरी:
मी लंडनच्या हिशेबात पडत नाही, आमच्याकडचा मांडतो. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत थोडक्यात असा: हलक्या जमिनीत जेमतेम खर्च निघतो, चांगल्या जमिनीत त्यावर जे उरतं तो खंड, आणि त्यावर कर बसवला तर शेती अडत नाही की धान्य महागत नाही. रिकार्डोला लिहायला आणि संसदेत जायला भाग पाडणारा त्याचा मित्र जेम्स मिल १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत लागला. कंपनीचे अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात घडत, तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस. तिथून आलेल्या प्रिंगलने पुणे जिल्ह्यात मोजणी केली, जमिनीची प्रतवारी लावली, लागवडीचा खर्च वजा करून ‘निव्वळ उत्पन्न’ काढलं आणि त्यातले शेकडा ५५ सरकारचे ठरवले.

कागदावर बिनचूक. पण पाऊस दगा देणाऱ्या जिरायतीचं निव्वळ उत्पन्न कोण सांगणार? खर्चाचे आकडे चुकले, खालच्या लोकांनी चिरीमिरी घेऊन मोजण्या फिरवल्या. १८३० च्या सुमारास दर लागू झाले, त्यात धान्याचे भाव पडले. माणसं शेतं टाकून परागंदा झाली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली, दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी बांधून दिले, तेव्हा कुठे पडीक रानं पुन्हा औताखाली आली. ज्याच्या सिद्धांताने गावं ओस पडली, त्याच्या प्रामाणिकपणाने आमचं काय भलं झालं?

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी:
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण गुन्हा रिकार्डोच्या नावावर नको. त्याचा रोख इंग्लंडच्या जमीनदारावर होता, जो नांगराला हात न लावता खंड खातो. तिथे जमीनदार, भांडवल घालणारा शेतकरी आणि मजूर हे तिघे वेगळे. दख्खनचा रयत तिन्ही भूमिका एकटाच करत होता. ‘वरकड’ म्हणून जे मोजलं ते त्याच्या घरातली वर्षाची ज्वारी होती. कंपनी स्वतःच जमीनदार होऊन बसली, ती चूक मिल आणि कंपनीची. रिकार्डो तर ११ सप्टेंबर १८२३ लाच गेला, कानाच्या दुखण्याने, अवघ्या ५१ व्या वर्षी.

इंदापूरचा शेतकरी:
ताई, तीन भूमिकांचं पटलं. पण मिल त्याचा रोजचा सोबती होता. हत्यार घडवणाऱ्याने ते कोणाच्या हातात जातंय हे बघायला नको?

धागाकर्ता:
या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच सांगतो, की यंत्रांमुळे मजुराचंही भलंच होतं असं रिकार्डो आधी मानत असे. आपल्या मुख्य ग्रंथाच्या १८२१ च्या आवृत्तीत त्याने नवं प्रकरण घालून माझं चुकलं होतं, यंत्रं मजुराला बाधू शकतात, असं लिहिलं. मित्र नाराज झाले, तरी त्याने ते मागे घेतलं नाही. पुणे जिल्ह्यातले ते दर लागू झाले तेव्हा तो हयात असता तर एखादं प्रकरण इंदापूरवरही लिहिता, असं मला मनापासून वाटतं.