हृदयासाठी फिश ऑइल: रोजच्या एका कॅप्सूलने खरंच काही होतं का?

कढीपत्ता (धागाकर्ता)
माझं उत्तर: नाही. अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत २५,८७१ लोक होते. ओमेगा-३ (माशाच्या तेलातलं मेदाम्ल) गटाला रोज १ ग्रॅमची कॅप्सूल, तीही पाच वर्षांहून जास्त. २०१८ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू एकत्र मोजले, तर खोट्या गोळीच्या तुलनेत दखल घेण्याजोगा फरक नाही. तरी पन्नाशी गाठली की बाटली घरात येतेच!

फार्मसीवाला
अर्धंच सांगताय. त्याच चाचणीत नुसते हार्ट अटॅक २८ टक्क्यांनी कमी होते, आणि मासे कमी खाणाऱ्यांमध्ये एकत्रित आकडाही १९ टक्क्यांनी कमी. आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांना हे लागू होऊ शकतं.

कढीपत्ता
मुख्य प्रश्न नापास झाल्यावर पोटगट चाळत बसलं की काहीतरी हाती लागतंच. तो पुढच्या चाचणीचा विषय झाला, गोळी विकायचा आधार नव्हे.

लेबलवाचक
दोघांनीही आधी बाटली उलटी करा. पुढे ठळक छापलेलं '१००० मि.ग्रॅ.' हे तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८०, डीएचए १२० (दोन्ही ओमेगा-३चे प्रकार). कामाचं ओमेगा-३ फक्त ३००. व्हायटलच्या कॅप्सूलमध्ये ते ८४० होतं, म्हणजे बाजारातल्या जवळजवळ तीन. शिवाय एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. खवट असेल तर बाटली फेका. लिंबाचा फ्लेवर घातला असेल तर मात्र नाकावर भरवसा नको, वास झाकला जातो.

खारा वारा
कॅप्सूल कशाला, बांगडा-तारली आहे की! आठवड्यातून दोनदा, तिखलं किंवा कालवण. भरपूर तेलात तळले की माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं. रक्तदाब असेल तर सुका बांगडा जपून, त्यात मिठाचा मारा असतो.

फार्मसीवाला
आणि मासे न खाणाऱ्यांनी काय करायचं?

खारा वारा
जवस आहे ना.

लेबलवाचक
जवस घ्या, पण हिशेब ठेवून. चमचाभर (सुमारे ७ ग्रॅम) पुडीत दीड ग्रॅमच्या आसपास एएलए (वनस्पतींतलं ओमेगा-३) असतं. शरीर त्यातलं थोडंच ईपीएत बदलतं, डीएचएत तर नावापुरतं. अख्खे दाणे न पचता बाहेर पडतात, म्हणून मंद आचेवर भाजून कुटायचे. पूड थोडी-थोडीच करा, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कडवट लागली की संपली. तंतू भरपूर, त्यामुळे पाणी जास्त प्या आणि औषधं घेण्याच्या वेळेपासून अंतर ठेवा. डीएचएच हवं असेल तर शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल शाकाहारी असते.

फार्मसीवाला
ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढलेल्यांचं काय? 'रिड्यूस-इट' चाचणीत शुद्ध ईपीए रोज ४ ग्रॅम दिलं, तेव्हा हृदयाच्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या. हेही नाकारणार?

कढीपत्ता
ते औषध आहे, स्टॅटिनवर (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांवर) असलेल्या जोखमीच्या रुग्णांना दिलेलं. तुलनेच्या गटाला खनिज तेल होतं आणि त्यांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं, यावरून वाद आहेच. 'स्ट्रेंथ' या दुसऱ्या चाचणीत ४ ग्रॅम ईपीए-डीएचएसमोर मका तेल ठेवलं, तर फायदा दिसला नाही. दोन्हींत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) मात्र वाढलं. तेव्हा दुकानातल्या गोळ्या तेरा-चौदा गिळून ४ ग्रॅम गाठायचा उद्योग कोणी करू नये. ट्रायग्लिसराइडचा आकडा ४००-५०० आला तर आधी दारू, साखर, थायरॉइड आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. ४ ग्रॅमचं काय ते मग डॉक्टर ठरवतील.