हौशी लोहाराचं उत्तर: गाळ भरलेला गेम कपाटात ठेवू का?

गावभागकर

परवा साताऱ्याच्या एका सद्गृहस्थांनी इथं लिहिलं, "जुने कन्सोल उघडून आत तारा खुपसणारे हे हौशी लोहार. बंद पडला तरी मूळ तुकडा मूळच राहू द्या." दोन दिवस गप्प बसलो. आत्ता लाईट गेलीय, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

माझा गेम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र, १९९६ चा. आपण सगळे त्याला निन्टेंडो म्हणायचो, पण होती नक्कलच. वडिलांनी सांगलीच्या गणपती पेठेतून आणला होता. सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि '९९,९९,९९९ गेम'वाली पिवळी कॅसेट. खरे गेम मोजून सात-आठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा हा दिवाणाखाली होता. पाणी ओसरल्यावर उचलून तिरका केला तर व्हेंटमधून गाळ आला, दूध जास्त झालेल्या चहासारखा.

घरचे म्हणाले, टाक. मी टाकला नाही. स्क्रू काढले, आधी नळाखाली धरला, मग बॅटरीत भरायचं शुद्ध पाणी, मग मोबाईलवाल्याकडून आणलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश. बोर्डावर ४० पायांच्या दोन चिपा दिसल्या, ६५२७ (प्रोसेसर) आणि ६५३८ (चित्र बनवणारी, म्हणजे पीपीयू), आणि जीव भांड्यात पडला. चिपेवर ओतलेला डांबराच्या थेंबासारखा तो काळा ठिपका असता तर मीही हात टेकले असते, त्याच्या आत शिरायला वाटच नाही. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरचा एक पाय गंजून तुटला होता. तो बदलला, दोन कपॅसिटर बदलले. चालू झाला, पण आरएफवर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेनं, नुसत्या मुंग्या. मग पीपीयूच्या २१ नंबरच्या पायावरून व्हिडिओ घेतला, एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, आणि आरएफचा डबा काढून त्याच्याच भोकात टीव्हीला थेट चित्र देणारा पिवळा एव्ही जॅक बसवला. नवीन भोक एकही नाही. आता पोरगी खेळते.

तुमच्या नियमानं हा आज गाळासकट कपाटात असायला हवा होता. त्यानं कुणाचं काय जपलं गेलं असतं, तेवढं सांगा.

अजिंक्यताऱ्याखाली

सद्गृहस्थ मीच. पुरातून वाचवलंत, त्याबद्दल खरंच नमस्कार. पण तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय. ७८०५ बदलला ही दुरुस्ती. आरएफचा डबा उपटला हा बदल. तुमचा गेम ज्याची नक्कल, त्या निन्टेंडोच्या १९८३ च्या मूळ फॅमिकॉमला आरएफच होतं, एव्हीचं मॉडेल १९९३ मध्ये आलं. मधली दहा वर्षं लोकांनी जे चित्र पाहिलं ते त्या मुंग्यांसकटचं.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक मेगा ड्राइव्ह (सेगाचा जुना कन्सोल) घेतला, ६००० मोजून. 'फुल्ली मॉडेड', म्हणजे पूर्ण बदल केलेला, असं लिहिलं होतं, मला वाटलं काही चांगलं असेल. उघडला तर पाठीला ड्रिलनं पाडलेली तीन भोकं, बोर्डावर उचकटलेले पॅड आणि त्यावर ग्लू गनचा ढीग. वरून पांढरा दिसावा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलेला, त्याचे ढगासारखे डाग. हे कुणाच्या तरी 'हौशी'चं काम. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत, तिथं उद्या कुणी डिस्टेंपर मारला आणि म्हणाला आता कसं उजळ दिसतंय, तर तुम्ही टाळ्या वाजवाल?

जवारी

मिरजेचा आहे, म्हणून वाड्याऐवजी सतारीचं सांगतो. आमच्या गल्लीत साठ-साठ वर्षांच्या सतारी येतात. जवारी (तारा टेकतात ती घोडी) घासतात, पडदे बदलतात, तार तर बदलतातच. तिला कुणी 'आता मूळ राहिली नाही' म्हणत नाही. वाजत नसलेली सतार भिंतीवर टांगली की भोपळ्याला कीड लागते.

अजिंक्यताऱ्याखाली

जवारी घासणं वेगळं आणि सतारीला ब्लूटूथ बसवणं वेगळं, जवारीसाहेब.

तीस लाइफ

काय एवढं डोकं लावताय राव. मोबाईलवर सगळे गेम फुकट चालतात. आणि खरा गेम चालत नसला तर कॅसेट काढा, फुंकर मारा, लावा. आमचं बालपण त्यावरच गेलं, ७८०५ कुणाला म्हणतात ते बी माहीत नव्हतं.

सोल्डरमास्तर

आला! फुंकरवाला आला! वाटच बघत होतो. अरे भावा, फुंकरीतून थुंकी जाते आणि ओल पिनांवर बसते. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या दहा कॅसेटींतल्या सात हिरव्या पडलेल्या असतात. चालायची ती फुंकरीनं नाही, काढून परत लावल्यानं. पिना घासल्या जातात, संपर्क होतो, श्रेय फुंकरीला.

तीस लाइफ

मास्तर, मी नुसती काढून लावून पण बघितली आहे. चालत नव्हती. फुंकर मारली, चाललीच. प्रत्यक्षाला प्रमाण कशाला?

सोल्डरमास्तर

तिसऱ्यांदा लावल्यामुळं चालली!!

भडंग

एक शंका. कॅसेट न चालण्याची ती प्रसिद्ध तक्रार नेसची, म्हणजे निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या कन्सोलची ना? त्याची कॅसेट पुढून आत सरकवून खाली दाबायची, ७२ पिनांचा कनेक्टर ढिला पडायचा. आपल्याकडची कॅसेट ६० पिनांची, वरून सरळ खाली. म्हणजे आपण त्यांचा रोग नसताना त्यांचं औषध घेत होतो का?

सोल्डरमास्तर

बरोबर. आणि तेही चुकीचं औषध.

तीस लाइफ

म्हणजे अख्खा सांगली जिल्हा मूर्ख आणि मास्तर एकटे शहाणे. बरं. माझ्या चुलतभावाची फुंकर लागायची, माझी लागायची नाही, हे पण पिना घासल्यामुळंच का? तो मारायचा ती पद्धत वेगळी होती, डावीकडून उजवीकडं, एका दमात.

सोल्डरमास्तर

मी चाललो. पट्टीचा खोडरबर हळू फिरवा, वर आयपीए. थिनर लावू नका, प्लास्टिक विरघळतं. ज्याला फुंकर मारायचीय त्यानं बासरी घ्यावी.

कृष्णाकाठची

फुंकरीवर पंधरा उत्तरं? मोबाईलवाल्यांना माझं एक विचारायचंय. बंदुकीचं काय करता?

आमच्याकडं बंदूक कायम दादाच्या हातात. मला दोन नंबरचा रिमोट, तो एकट्याच्या गेममध्ये काही करतच नाही हे मला चौथीत कळलं. तोवर मला वाटायचं मी पण खेळतेय. गेल्या वर्षी माळ्यावर ती बंदूक सापडली. हौसेनं नव्या एलईडी टीव्हीला जोडली. बदकं मारायच्या गेममध्ये एक बदक पडेना. दादाला फोन केला तर म्हणे, "तुला आधीपासूनच जमत नव्हतं."

मग वाचल्यावर कळलं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदूक तो उजेड बघते. डबा टीव्हीवर तो त्याच क्षणी दिसतो, नव्या टीव्हीवर उशिरा. गेम म्हणतो, नेम चुकला. म्हणजे दोष माझा नव्हता आणि डबा टीव्ही आम्ही २०१५ लाच भंगारात घातला, किलोवर. एव्हीचा बदल करा नाहीतर आरएफ ठेवा, बंदुकीला डबा टीव्हीच लागतो. आता इथं डबा टीव्ही दुरुस्त करणारा कुणी उरलाय का?

सोल्डरमास्तर

(परत आलो.) ताई, आहे, पण स्वतः मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट बसलेले असतात. गेमचा डबा उघडायला घाबरू नका, टीव्हीचा उघडायला घाबरा. आणि त्या दादाला हे दाखवा.

गावभागकर

लाईट आली. साताऱ्याच्या पाहुण्यांना दोन गोष्टी.

एक, माझा आरएफचा डबा फेकलेला नाही. चिठ्ठी लावून पिशवीत ठेवलाय, कोणती तार कुठली तेही लिहिलंय. अर्ध्या तासात परत बसतो. तुमच्या मेगा ड्राइव्हवाल्यानं जे केलं ते मलाही पटत नाही, ग्लू गन बघितली की माझंही डोकं फिरतं. पिवळ्याचं पांढरं करणं मी करतच नाही, काही दिवसांनी पिवळं परत येतं हे बघितलंय.

दोन, आणि हे खरं भांडण आहे. 'हात लावू नका' म्हणता, पण आतली वस्तू तुमच्यासाठी थांबत नाही. १९९० चा गेम गिअर घ्या, सेगाचा हातात धरून खेळायचा. त्याचे छोटे कपॅसिटर गळतात, द्रव बोर्डावर उतरतो आणि तांब्याचे ट्रॅक खातो. आधी आवाज बारीक होतो, मग पडदा फिका. पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळाचा कपॅसिटर असाच फुटतो. खोक्यासकट, सीलसकट, काचेच्या कपाटात. तुम्ही बाहेरून मूळ जपताय, आत कुजतंय.

अजिंक्यताऱ्याखाली

डबा चिठ्ठीसकट ठेवलाय हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं. बरं, 'लोहार' मागं घेतो. 'हौशी' राहू दे.

गेम गिअरचं मुद्दाम काढलंत का माहीत नाही. माझ्याकडं एक आहे, खोक्यासकट. दिवाळीत सेल घालून बघितला तर आवाज हेडफोन लावूनही कसाबसा. मी समजत होतो सेल उतरलेत. आत्ता नाक लावून बघितलं, मासळीसारखा वास येतोय.

गावभागकर

तोच वास. आणखी सेल घालू नका. रविवारी सांगलीत या, कपॅसिटर मी आणून ठेवतो. जुने काढलेले पिशवीत घालून, चिठ्ठी लावून देईन, मूळ म्हणून जपा.

अजिंक्यताऱ्याखाली

टोमणा पोहोचला. किती वाजता?

भडंग

अडॉप्टर स्वतःचा घेऊन या, कुणाचा उसना लावू नका. आमच्या इथं एकानं परदेशातून आलेल्या नेसचा ९ व्होल्ट एसी अडॉप्टर फॅमिकॉमला लावला. त्याला हवा डीसी, आणि तोही मधली पिन ऋण असलेला. धूर निघाला, आणि तो पठ्ठ्या त्यावर फुंकर मारत बसला.

तीस लाइफ

चालला का मग?