जात्यावरच्या ओवीचा माग कसा काढायचा?

प्रश्न: एका ओवीचे तीन पाठ (वेगवेगळी रूपं) हाताशी आहेत, त्यात एक म्हणही आलीय. मूळ पाठ कुठला आणि म्हण किती जुनी, हे कसं ठरवायचं?

उत्तर १: मूळ पाठाचा नाद आधी सोडा. ‘पहिली माझी ओवी’ ही सुरुवात असंख्य ओव्यांत येते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. तिन्ही पाठ ओळीखाली ओळ मांडा. गावाचं, दैवताचं नाव गाणारी सहज बदलते; यमकाचा शब्द टिकतो, कारण तो हलला की पुढची ओळ मोडते. यमक अडखळत असेल तर शेजारच्या बोलीत म्हणून पाहा. तिथे जुळलं, तर ओवी बहुधा तिकडची.

उत्तर २: म्हणीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पाहा, १८३१ आणि १८५७ अशा दोन्ही आवृत्त्या. मग दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश, म्हणजे म्हणी-वाक्प्रचारांचा कोश. पण कोशातलं साल म्हणजे नोंदीचं साल, म्हणीच्या जन्माचं नव्हे! इथेच बहुतेकजण फसतात.

उत्तर ३: ओवीत आगगाडी असेल तर ती ओळ १८५३ च्या आधीची नाही, बाकीची ओवी जुनी असू शकते. आणि ध्वनिमुद्रण गातानाच करा. नुसतं सांगायला लावलं की ‘गं बाई’सारखे भरीचे शब्द गळतात, चाल कळत नाही.