अनुभव धागा: पैसे नेमके कुठे वाचले? (आकड्यासकट सांगा, फसलात तर तेही)

जून लागला की आमच्याकडे तीन गोष्टी एकाच आठवड्यात येतात: लेकाच्या कॉलेजची फी, मे महिन्याचं वीजबिल आणि दारावर छत्री दुरुस्तीवाला. यंदा बिल आलं ३८७ युनिटचं. घरात एसी नाही, माणसं तीन.

म्हणून हा धागा. सल्ले नकोत. 'यादी करून बाजारात जा' हे आपल्या सगळ्यांच्या आयांनी सांगून झालंय. स्वतः केलेलं लिहा. सुरुवात मी करते.

एका रविवारी दुपारी मेन स्विच चालू ठेवला आणि घरातलं एकेक यंत्र बंद करत गेले, फ्रिजसुद्धा. मग स्टूल घेऊन मीटरसमोर बसले. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय, म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. सगळं बंद असताना त्याने गप्प बसायला हवं. आमचा दर बारा सेकंदांनी डोळा मारत होता. तासाला ३००, दिवसाला ७२००, म्हणजे सव्वादोन युनिट. महिन्याला ६७!

चोर सापडला तो माळ्याखालच्या कोपऱ्यात. इन्व्हर्टर. बॅटरी सहा वर्षांची, पाणी घालायचं दोनदा विसरलेलं. ती भरतच नव्हती आणि चार्जिंग काही थांबत नव्हतं. आमच्याकडे हल्ली वीज जाते महिन्यातून एखाद्या वेळी, तासभर. त्या एका तासासाठी बाकीचे सगळे तास पैसे भरत होतो. इन्व्हर्टर काढून टाकला, त्या जागी आता तांदळाचा डबा आहे.

आता तुम्ही लिहा.

हिशेबी_काका (नाशिक)

ताई, झकास. एक भर घालतो, कारण याबाबत गैरसमज फार आहे. १०० युनिट ओलांडली की सगळंच बिल वरच्या दराने लागतं असं लोक समजतात. तसं नाही. पहिली १०० युनिट खालच्याच दराने, १०१ ते ३०० त्याच्या वरच्या, ३०१ ते ५०० आणखी वरच्या. पण दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यातल्यापेक्षा दुपटीहून महाग असतं. त्यामुळे वाचतं ते नेहमी वरच्या, महागड्या थरातलं. तुमची ती ६७ युनिट सगळीच्या सगळी तिसऱ्या टप्प्यातली होती.

मी पंखे बदलले. साधा पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. चार पंखे, रोज बारा तास धरले तर महिन्याला साधारण ६५ युनिट कमी. चारांचे मिळून अकरा हजार गेले आणि वसूल व्हायला दोन उन्हाळे लागले. विक्रेता 'सहा महिन्यांत' म्हणाला होता. रिमोट मात्र चार, आणि वेळेला एकही सापडत नाही.

चिल्लर बचत: कागदी बिल बंद केलं की महावितरण बिलामागे १० रुपये सोडतं, आणि बिल निघाल्यावर आठवडाभरात भरलं तर साधारण एक टक्का सूट. बायको हसते. हसू दे.

सांगलीकर_बंगलेवाले

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेतून छतावर ३ किलोवॉटची सौर पॅनेल बसवली. अनुदान ७८,००० रुपये खात्यात आलं. ऊन असलं की दिवसाला बारा युनिटच्या आसपास पडतात. फसलो कुठे, तर पश्चिमेला शेजारच्यांचा आंबा. पाहणीला माणूस सकाळी दहाला आला होता, तेव्हा छत स्वच्छ उन्हात. दुपारी साडेतीननंतर चार पॅनेलवर सावली. शेजाऱ्यांना फांद्या छाटायला सांगायची सोय नाही, कारण दरवर्षी त्याच झाडाचं लोणचं आमच्या घरी येतं.

दोन_लेकींची_आई (जालना)

फीबद्दल लिहिते. मोठीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला २०२४ मध्ये. त्याच जुलैत शासनाचा निर्णय आला: व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिकवणी शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आम्ही पेढे वाटले.

कॉलेजात गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, 'आत्ता सगळी भरा, आली की परत देऊ.' सगळी म्हणजे ९४ हजार. माझ्या पर्समध्ये वीस. यजमान तर बाहेर जाऊन उभेच राहिले. शेवटी शासन निर्णयाची प्रत छापून आणली, खाली अर्ज लिहिला आणि त्यावर आवक क्रमांक घेतला. तोंडी भांडणात दोन तास गेले होते, आवक शिक्का मारल्यावर दहा मिनिटांत काम झालं. विकास शुल्क आणि इतर शुल्क मात्र भरावंच लागतं, ते माफीत नाही. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा दुसरा घोळ. धाकटीच्या वसतिगृह भत्त्याचा अर्ज मंजूर दिसत होता, पण पैसे काही येईनात. चार महिने. निघालं असं, की पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिचं आधार जोडलेलं होतं शाळेत असताना काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला. तेव्हा अर्ज भरण्याआधी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा. आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढा. जुलैत सेतू केंद्रासमोरची रांग पाहून रडू येतं.

खाडेबहाद्दर (पुणे, मूळ उदगीर)

काकू, तुमच्या लेकीला एसटीचा पासही काढून द्या, विद्यार्थ्याला तिकिटाच्या एक तृतीयांशच पडतो.

माझी तीन वर्षं 'कमवा व शिका'वर निघाली. ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायचे काम. पगार हातखर्चापुरता, पण खरा फायदा असा की परीक्षेच्या आधी कुठलं पुस्तक कुठल्या कपाटामागे पडलंय ते फक्त मला माहीत. पुस्तकं विकत घेतलीच नाहीत. जी घेतली ती अप्पा बळवंत चौकातून जुनी, आणि सत्र संपल्याबरोबर त्याच दुकानात परत. महिनाभर थांबलात की अभ्यासक्रम बदलल्याची बातमी येते आणि पुस्तक रद्दीच्या भावात जातं. एकदा गेलंय.

जेवण: एक डबा दोघांत. डब्यात पोळ्या चार, भाजी, आमटी. भात खोलीवर कुकरला लावायचा. मेसवाल्या मावशींकडे महिन्याला चार खाडे कापून मिळायचे, पण आदल्या रात्री सांगितले तरच. घरी जाताना लोक सांगायला विसरतात. मी भिंतीवर लिहून ठेवायचो. माझं टोपणनाव तिथूनच पडलं.

दळण_कांडप (डोंबिवली)

आम्ही मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद. पंचायत १९७५ ची, आमच्या सासूबाई पहिल्या काही वर्षांत शिरल्या. आसपासच्या घरांचा मिळून एक संघ, महिन्याची मागणी एकत्र भरायची, माल एका घरी उतरतो आणि तिथे बसून वाटप. यंदा पाळी आमची होती. हॉलमध्ये चादर अंथरली, मधोमध काटा. तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, साबण. एकजण यादी वाचतं, एकजण तोलतं, आणि शेवटी वाटीभर शेंगदाणे उरतात ते कुणाचे यावर वीस मिनिटं चर्चा होते. ती वाटी आम्ही चहाबरोबर संपवतो.

पैसे वाचतात का? वाचतात, पण त्याहून जास्त वाचतं ते नको असलेलं घेणं. मागणीपत्रकावर 'दोनावर एक फ्री' नसतं.

फसलेलंही सांगते. मुलगा बंगलोरला गेला त्या वर्षीही सवयीने मी वर्षाचा गहू भरला. माणसं दोन, गहू दीड क्विंटल. कडुनिंबाचा पाला घातला, उन्हं दिली, तरी श्रावणात टोके लागलेच. साठ किलो चाळत बसले. शेवटी गिरणीवाल्याने निम्म्या भावात घेतला. आता वीस वीस किलो.

परदेशी_पोपट (आखेन, जर्मनी)

इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्यांना सत्राला १५०० युरो आहे, तेवढं बघून अर्ज करा). पण फुकट म्हणजे फुकट नव्हे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो 'ब्लॉक्ड' (एकदम काढता न येणाऱ्या) खात्यात दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. आईबाबांनी त्यासाठी एफडी मोडली, म्हणून पहिलं वर्ष मी पै पै लिहीत होतो.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, आणि ती माणसामागे नसून घरामागे. आम्ही चौघं एका घरात राहतो, एक भरतो, बाकीचे वाटून देतात. पहिले चार महिने मी एकट्याच्या नावाने वेगळी भरत होतो. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की तिच्यामागे अनामत घेतलेले २५ सेंट परत मिळतात. पार्टीनंतर बाटल्या कोण नेणार यावर खरी भांडणं होतात.

मोठा फटका हीटरचा. भाड्यात हीटिंगची रक्कम अंदाजाने धरलेली असते, खरा हिशेब वर्षातून एकदा. खोलीत फोडणीचा वास राहतो म्हणून मी हिवाळाभर खिडकी वरून तिरकी उघडी ठेवली आणि खाली हीटर चालू. हिशेब आला: वर ३४० युरो द्या. घरमालकीणबाई कागद घेऊन स्वतः आल्या आणि करून दाखवलं: हीटर बंद, खिडकी सताड उघडी, पाच मिनिटं, मग बंद. भिंती थंड होत नाहीत, हवा बदलते. पुढच्या वर्षी ६० युरो परत आले. आणि हो, येताना कुकर आणा. विजेच्या शेगडीवर उघड्या पातेल्यात राजमा शिजवून बघितलाय मी.

निवृत्त_मास्तर (चिपळूण)

आमचं दोघांचं बीपीचं औषध जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो. डॉक्टरांना आधी विचारलं, ते म्हणाले, 'घ्या की, औषध तेच आहे.' चिठ्ठीवर कंपनीचं नाव होतं, त्याखाली त्यांनी टेल्मिसार्टन असं मूळ नाव लिहून दिलं. खर्च निम्म्याहून खाली आला. एखादे वेळी माल संपलेला असतो, तेव्हा गोळ्या दहा दिवसांच्या उरल्या की फेरी मारतो.

दहा_मिनिटवाली (ठाणे)

मी महिनाभर फक्त दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या अ‍ॅपवरच्या बिलांचे स्क्रीनशॉट जमवले. कोथिंबीर १५ रुपये, त्यावर हाताळणी, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क. पावसाचं! खाली उतरले असते तर भाजीवाल्या मावशींनी कढीपत्ता वर टाकला असता. अ‍ॅप काढलं नाहीये. नेहमीच्या जागेवरून हलवून तिसऱ्या पानावर ठेवलंय, ऑर्डरी निम्म्या झाल्या.

चिंचगुळ (कोल्हापूर)

धागाकर्त्या ताई, तुमचा मीटरचा प्रयोग आज केला. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. सगळं बंद केलं, सेट टॉप बॉक्सची पिनसुद्धा काढली. तरी दिवा लुकलुकतोय. मुलाने आमचा मेन बंद केला, तरीही लुकलुकतोय. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून आजींची हाक आली, 'अगं, पाण्याची मोटर का बंद पडली?'

मोटर बंद पडली होती ती वेगळ्याच कारणाने, टाकी भरली होती म्हणून. पण ती हाक ऐकून मुलगा तारेचा माग काढत निघाला आणि जिन्यात पोचला. जिन्यातले तीन दिवे, रात्रंदिवस चालू असतात ते, आमच्या मीटरवर आहेत. आम्ही इथे राहायला आलो त्याला अकरा वर्षं झाली.

रविवारी सोसायटीची सभा आहे. मागच्या बिलांची फाईल शोधतेय.